बाईसाहेबांचे एकसष्ट दिवस

अजगराच्या पिंजऱ्यात शिरण्याआधी दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चपला बाहेर काढायच्या, छत्री मिटून कोपऱ्यात उभी करायची, मग दोन बोटांनी टक् टक् टक्. थोडा वेळ थांबायचं. कडी त्यानंतर.

“रघोत्तमराव, सापाला कान नसतात,” ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ज्ञान पाजळलं.

“ठाऊक आहे कीं. ऐकूं येत नाहीं म्हणून मर्यादा सोडावी काय? बहिऱ्या माणसाच्या घरांत तुम्ही सोलापुराकडे तसेच शिरतां?”

सोलापूरची अब्रू पणाला लागलेली पाहून मीही चपला काढून ठेवल्या.

आयात खुली होऊन तंजावूरच्या दुकानांत परदेशी चॉकलेटं दिसू लागली होती आणि गल्लोगल्ली एस.टी.डी.चे पिवळे बूथ उगवत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तिथल्या एका खासगी कॉलेजात इतिहास शिकवायला गेलो होतो. एके काळी तंजावूरवर मराठ्यांचं राज्य होतं आणि मी मराठी आहे, एवढ्या दोन मुद्द्यांवर माझी निवड झाली होती. रघोत्तमराव त्याच कॉलेजात जीवशास्त्र विभागाचे स्टोअरकीपर. माझे घरमालकही तेच. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या माडीवर मी राहायचो. त्यांचे पूर्वज राजांच्या पदरी कारकून म्हणून आले ते तिथलेच झाले. पुढे राज्य गेलं, राजे गेले, कारकुनी तेवढी टिकली. घरात मराठी बोलत, तीही पूर्वज घेऊन आले तेव्हाचीच, वर तमिळ हेल. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. माझ्याकडचं सोलापूरचं पंचांग ते परक्या देशाच्या नोटेसारखं उलटसुलट करून बघत आणि आदराने परत करत.

“क्रम म्हणून एक आहे कीं!” हे त्यांचं पालुपद. भातावर आधी सांबार, मग रसम, मग ताक. एकदा उन्हातून आल्यावर मी जेवणाच्या सुरुवातीलाच ताक मागितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. रघोत्तमरावांच्या पत्नीला सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. त्या मामी म्हणाल्या, “द्या म्हणतें मी. पोटांत जाऊन सगळें एकच होतें.” रघोत्तमरावांनी मला ताक दिलं, पण त्या दिवसापासून मी इतिहास कसा शिकवत असेन याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली.

या क्रमाचा सर्वोच्च ग्रंथ म्हणजे त्यांचं तमिळ पंचांग. कॉलेजात एकही मंगल काम त्यांना विचारल्याशिवाय होत नसे. प्रयोगशाळेतला नवा सूक्ष्मदर्शक खोक्यातून कधी काढायचा, तेसुद्धा तेच सांगत. दिवसभर बेडकाच्या हृदयाचे ठोके मोजणारी प्राध्यापक मंडळी राहुकाळात पगारपत्रकावर सही करत नसत. तीस वर्षांत रघोत्तमरावांच्या मुहूर्ताची कुणी फेरतपासणी केलेली नव्हती. न्यायालयाच्या निकालावर अपील असतं, यांच्या निकालावर नव्हतं.

आणि मग बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे अकरा फुटी अजगराची मादी. कावेरीच्या एका पाटाकाठी केळीच्या बागेत सापडली, शेतकऱ्यांनी पोत्यात घालून कॉलेजात आणून टाकली. वनखात्याने परवानगीचा कागद दिला आणि कॉलेजने तिला जडसंग्रहाच्या यादीत बाकं आणि काचेची कपाटं यांच्या मधोमध नोंदवलं. नोंद रघोत्तमरावांच्याच हातची : अजगर, नग एक. पण तोंडाने ते तिला बाईसाहेब म्हणायला लागले, आणि दोन वर्षांनी वनखात्याने तिच्या सोबतीला एक नर पाठवला तेव्हा त्याला घरजावई. घरजावयाशी ते फारसं बोलत नसत.

त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे, आणि दर पंधरा दिवसांनी बाईसाहेबांना जिवंत कोंबडी देण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. ते कोंबडी आत सोडत, डोळे मिटत आणि पुटपुटत, “क्षमा कर, माते.” ही क्षमा ते कोंबडीची मागत की अजगराची, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. पंधरावा दिवस एकादशीला आला तर भोजन द्वादशीला. बाईसाहेबांनाही त्यामुळे बरीच पुण्याई लागली असणार.

त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी तेवीस अंडी घातली.

रघोत्तमराव घरी आले ते ओट्यावरूनच ओरडत. “अहो, ऐकलें कां? मोकळ्या जाहल्या! सुंठ आहे काय घरांत?”

“माझ्या वेळीं हे विद्यार्थ्यांस घेऊन रामेश्वरास गेलेले,” मामी मला म्हणाल्या. “लेंक महिन्याची जाहल्यावर तोंड पाहिलें. आतां पाम्बूसाठीं सुंठ हवी यांना!”

पाम्बू म्हणजे साप. सुंठ बाईसाहेबांनी घेतली नाही. त्यांनी काहीच घेतलं नाही. सगळी अंडी एका ढिगात ओढून घेतली, त्याभोवती वेटोळी घातली, वर डोकं टेकलं आणि डोळे उघडे ठेवून बसल्या.

आता विभागप्रमुखांची ओळख करून द्यायला हवी. डॉ. अरुणाचलम् सहा महिने परदेशी राहून आले होते, आणि येताना टाय घेऊन आले होते. तंजावूरला मार्च उजाडला की अंगातला शर्टसुद्धा जड होतो. तिथे हा गृहस्थ गळा आवळून व्हरांड्यातून फिरायचा. परदेशात त्यांनी अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि व्यवस्थापनाच्या मागे लागून मागवलं. ते मद्रासच्या बंदरातून लाकडी खोक्यात आलं. तंजावूरच्या एप्रिलमध्ये ऊब देणारं यंत्र आणणं म्हणजे कावेरीला पूर आलेला असताना काठावर पाणपोई घालणं. पण यंत्र परदेशी होतं, त्याला हिरवे लाल दिवे होते, आणि ते दाखवायला अंडी हवी होती.

“अंडी यंत्रात ठेवायची,” अरुणाचलम् म्हणाले. “पिंजऱ्यातल्या मादीचा भरवसा नसतो. यंत्रात उष्णता स्थिर राहते. सगळीकडे असंच करतात.”

“सर, त्या बसल्या आहेत कीं,” रघोत्तमराव म्हणाले.

“ते थंड रक्ताचं जनावर आहे, मिस्टर राव. ते बसलं काय आणि नाही काय!”

रघोत्तमराव विभागप्रमुखांना उलट बोलत नसत, कारण क्रम. ते मला घेऊन पिंजऱ्याशी आले. सकाळची वेळ, अजून थोडा गारवा होता. “पाहा.” मी पाहिलं. त्या जाड वेटोळ्यातून ठरावीक वेळाने एक थरकाप जात होता. हिवताप आलेलं माणूस पांघरुणाखाली हुडहुडतं, तसा.

“आजारी आहे?”

“अंगांत ऊब आणते आहे. कापून कापून. दुपारीं उकडूं लागलें कीं वेटोळें सैल करील, अंड्यांस वारा देईल. पाणी प्यायला गेली तर लगेच परत. हें कुणी शिकविलें तिला? मशीन शिकविणार काय?” प्रेमात आले की ते ‘त्या’वरून ‘ती’वर येत. मग म्हणाले, “तीन वर्षांपूर्वीं अशींच अंडीं काढून घेतलीं. लाकडाच्या भुशांत ठेवलीं, वर दिवा लावला. सगळीं कुजलीं. ही त्या रिकाम्या कोपऱ्याला वेटोळें घालून आठ दिवस बसली होती. आंत कांहीं नाहीं. नुसती बसलेली.”

मी म्हटलं, “मग लिहून द्या तसं.”

“दिलें कीं. सरांनी त्यावर ‘पाहिलें’ म्हणून सही केली.”

बाईसाहेबांना त्या खेपेला तारलं ते विज्ञानाने नाही आणि दयेनेही नाही, उद्घाटनाने. तिकडे कॉलेज चालवणाऱ्या मालकांना करस्पाँडंट म्हणतात. आमचे करस्पाँडंट पत्र कुणाला लिहीत नसत, पण शाली मात्र भरपूर पांघरून घेत. सनईसारखं नादस्वरम्, हारतुरे आणि जरीची शाल यांच्याशिवाय ते नळाची तोटीसुद्धा उघडत नसत. एवढं परदेशी यंत्र त्यांनी कळ दाबल्याशिवाय चालू कसं करायचं? चालू केलंच तर उद्घाटन कशाचं? तेव्हा यंत्राला लाल फीत बांधली गेली, आणि करस्पाँडंटची तारीख मिळेपर्यंत अंडी ‘तात्पुरती’ आईकडेच ठेवायचं ठरलं. तारीख निघाली की मुहूर्तासाठी रघोत्तमरावांकडे यायची.

पहिली तारीख आली. रघोत्तमरावांनी पंचांग उघडलं. “नवमी.” बाद.

दहा दिवसांनी दुसरी. “भरणी नक्षत्र.” बाद. दोन्ही खरं होतं, मी माझ्या पंचांगात पाहिलं होतं.

तिसरी तारीख एप्रिलच्या शेवटच्या बुधवारची. रघोत्तमरावांनी पंचांग उघडलं, बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मिटलं.

“वर्ज्य.”

“का?” अरुणाचलम् म्हणाले.

“आहे वर्ज्य.”

अरुणाचलम् यांनी करस्पाँडंटना तसं कळवलं, आणि पुढच्या तारखेची वाट पाहू लागले.

तो बुधवार उजाडला आणि तंजावूरमध्ये जिकडे तिकडे लग्नं. आमच्या एका रस्त्यावर पाच मांडव. सगळ्या मंगल कार्यालयांतून एकाच वेळी नादस्वरम् सुरू झालं, बसमध्ये नुसत्या मोगऱ्याच्या वेण्या आणि रेशमी साड्या. मला दोन आमंत्रणं होती. त्यातल्या एका पंगतीत केळीच्या पानावर मी बसलो, माझ्या डाव्या हाताला रघोत्तमराव आणि उजव्या हाताला नेमके डॉ. अरुणाचलम्.

पायसम् येईपर्यंत अरुणाचलम् यांनी दम धरला. मग माझ्या पानावरून वाकून म्हणाले, “मिस्टर राव, आजचा दिवस वाईट होता ना? इथे तर गाव लग्न करतंय.”

रघोत्तमरावांनी पानावरचा पापड शांतपणे मोडला. “लग्नाला उत्तम आहे, सर. लोखंडाला वर्ज्य.”

“लोखंडाला?”

“लोखंडी यंत्र. चालूं करूं नये.”

अरुणाचलम् माझ्याकडे वळले. “तुमच्याकडे महाराष्ट्राचं पंचांग आहे म्हणे. त्यात काय लिहिलंय?”

मी सकाळीच पाहिलं होतं. शुद्ध दिवस. लोखंडाचा उल्लेख त्यात नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे तो कुठल्याच पंचांगात नसतो. डाव्या बाजूला रघोत्तमरावांचा हात पानावर थांबला होता.

“आमच्याकडे जास्त कडक आहे,” मी म्हणालो. “आम्ही विजेलाही वर्ज्य मानलंय.”

अरुणाचलम् यांनी मान डोलावली आणि पायसम् पानावर ओतून घेतलं. जर्मन की इंग्रज, कुठलं ते शास्त्र टायच्या गाठीपाशी अडलं. खाली सगळं तंजावूरच होतं.

संध्याकाळी रघोत्तमराव ओट्यावर बसले होते. पंचांग मांडीवर, पण मिटलेलं.

“तुम्ही खोटें कां बोललां?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बोललात म्हणून.”

“तुमचें वेगळें. तुम्हांस पंचांगच मान्य नाहीं, मग पाप कशाचें लागणार? मी तीस वर्षें एक घटका इकडची तिकडे केली नव्हती.” त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. स्टोअरमधली एखादी काचेची बरणी फुटल्याचं सांगावं, तसा होता. “क्रम मोडला कीं.”

मी म्हणालो, “अंडी यंत्रात गेली असती तरी बिघडलं नसतं कदाचित. दिवस तरी चांगला होता.”

“चांगल्या दिवसाचें मला सांगूं नका. माझें दत्तविधान जाहलें तो मुहूर्त पाहिला आहे मी. उत्तम. बोट ठेवायला जागा नाहीं.”

मग त्यांनी सांगितलं, तेही चारच वाक्यांत. थोरल्या काकांना मूल नव्हतं आणि शेती होती. सोयर फिटताच धाकट्या भावाचा मुलगा त्यांच्या मांडीवर दिला. काका-काकू आई-वडील झाले. जन्म दिलेली आई तिरुवैयारूला राहिली आणि त्या दिवसापासून काकी झाली.

“आहेत अजून?”

“आहे कीं. दर रविवारीं जातों. काकीच म्हणतों. दुसरें म्हणायचा क्रम नाहीं.”

एवढं बोलून ते आत गेले, कारण दिवा लावायची वेळ झाली होती.

मे महिना लागला आणि रघोत्तमरावांच्या मदतीला साक्षात सूर्य धावला. त्या मुलखात मे महिन्यातल्या साधारण पंचवीस दिवसांना कत्तिरि म्हणतात. ऊन कात्रीसारखं लागतं, आणि त्या काळात कुणी नवं घर, नवं दुकान, नवं काहीच सुरू करत नाही. हे करस्पाँडंटना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. खोटं बोलायची गरजच उरली नाही. रघोत्तमराव सुट्टीतही रोज कॉलेजात जायचे, पाण्याचं घमेलं भरायचे, पिंजऱ्याच्या छपरावर भिजलेली पोती टाकायचे, आणि बाहेर स्टुलावर बसून पंख्याने वारा घ्यायचे. दोघांपैकी कोण कुणाला सोबत करत होतं, सांगता येत नाही. बाईसाहेब वाळत चालल्या होत्या, कण्याची रेघ दिसू लागली होती. पण हलत नव्हत्या.

कत्तिरि संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख करस्पाँडंटनी परस्परच ठरवली. मुहूर्त त्यांच्या स्वतःच्या ज्योतिषाने काढला होता. यावर अपील नव्हतं.

आदल्या दिवशी रघोत्तमराव जेवताना सांबारानंतर एकदम ताकाकडे गेले. मामींनी माझ्याकडे पाहिलं.

सकाळी कॉलेजात मांडव, केळीचे खांब, दाराशी नादस्वरम्. करस्पाँडंटचा दहा फुटी रंगीत पुठ्ठ्याचा पुतळा फाटकाशी हात जोडून उभा. अरुणाचलम् नव्या टायमध्ये, हातात जाड मोजे, मागे दोन शिपाई आकडा लावलेली काठी घेऊन. “उघडा, मिस्टर राव. गाडी निघाली आहे.”

रघोत्तमरावांनी टकटक केलं. थांबले. अरुणाचलम् यांनी घड्याळ पाहिलं. कडी निघाली.

रघोत्तमराव वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, “सर, तुम्हीच पाहा.”

वेटोळं सैल पडलं होतं. एका अंड्याला सरळ चीर गेली होती, धारदार पात्याने द्यावी तशी, आणि त्या चिरेतून अंगठ्याएवढं एक ओलं डोकं बाहेर येऊन जगाकडे बघत होतं. शेजारी दुसरं. पलीकडे तिसऱ्याचं नुसतं नाक.

अरुणाचलम् यांनी मोजे काढले. मग टाय काढला, गुडघ्यावर बसले, आणि अगदी हळू आवाजात, परदेशी जाण्यापूर्वीच्या तमिळमध्ये म्हणाले, “अय्यो, कण्णा!” कण्णा म्हणजे सोन्या, राजा, असं काहीसं. मला पहिल्यांदाच ते आवडले.

तेवढ्यात फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला. आत पिलं, बाहेर पाहुणा, आणि यंत्र रिकामं. प्राचार्यांनी शिपाई पिटाळला. वसतिगृहाच्या खानावळीतून डझनभर कोंबडीची अंडी आली, ती यंत्रात मांडली, करस्पाँडंटनी फीत कापली, कळ दाबली, हिरवे लाल दिवे लागले, टाळ्या पडल्या, शाल पडली. दुसऱ्या दिवशीच्या तमिळ वर्तमानपत्रात छायाचित्र आलं : अजगराच्या अंड्यांसह करस्पाँडंट. त्यातली दोन उकडलेली होती, असं मला आचाऱ्याने नंतर खासगीत सांगितलं.

तेवीसपैकी एकवीस पिलं निघाली. वनखात्याने ती डोंगरात नेऊन सोडली. बाईसाहेब पिलांकडे एकदाही न बघता घमेल्याशी गेल्या, पाणी प्यायल्या आणि पुढच्या आठवड्यात लागोपाठ दोन कोंबड्या जेवल्या. मला ते थोडं कृतघ्न वाटलं. रघोत्तमरावांना नाही. “काम पुरें जाहलें कीं. आतां कशाला बघेल?”

त्या रविवारी ते मला म्हणाले, “चला तिरुवैयारूस.” अर्ध्या तासाचा बसचा प्रवास, दोन्ही बाजूंना भाताची कोरडी शेतं. नदीकडच्या गल्लीत एक छोटं घर होतं. शेजारच्या घरात कुणीतरी मुलींना सरगम घोटवत होतं. काकी पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, ताठ. मला त्यांनी सोलापुरात पाऊस कसा असतो ते विचारलं, आणि कॉफी करायला बसल्या. रघोत्तमरावांनी चुलीजवळ मांडी घालून सगळी हकीकत सांगितली. तिसऱ्या तारखेचा भाग तेवढा वगळला.

“किती दिवस बसली म्हणालास?” काकींनी पेल्यातली कॉफी वाटीत, वाटीतली पेल्यात ओतत विचारलं.

“एकसष्ट.”

“मध्यें कुणी उठविली नाहीं?”

“नाहीं, काकी.”

“बेस.” त्या ओततच राहिल्या. फेस वर आला. “मला अकरा मिळाले.”

शेजारची सरगम चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“बारा,” रघोत्तमराव म्हणाले.

“अकरा रे. द्वितीयेचा तूं. त्रयोदशीला नेलें. मी विसरेन काय?”

“तिथी अकराच. पण त्या पक्षांत दशमी दोन दिवस होती. त्या वर्षीचें पंचांग शोधून काढलें मी. बारा होतात, काकी.”

काकींनी पेला खाली ठेवला. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत त्या मोजू लागल्या. द्वितीया, तृतीया, चतुर्थी. ओठ हलत होते. दशमीशी अंगठा थांबला. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, आणि त्याच पेरावर अंगठा दुसऱ्यांदा टेकवला.